वाकवून घेतलेला गिअर

माझ्या साडूंनी जन्मात कुणावर आंधळा विश्वास ठेवला नाही, आणि जिथं नाइलाजानं ठेवावा लागला तिथं आधी खूण करून ठेवली. त्यांच्या लग्नातली गोष्ट आमच्या सासरवाडीत अजून सांगतात. अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री वाजायला लागली, मंडळींच्या हातातल्या अक्षता संपल्या, आणि नवरदेव हार धरून तसेच उभे. भटजी म्हणाले, "घाला." हे घालेनात. समोरच्या मुलीकडे डोळे बारीक करून बघत त्यांनी हळूच विचारलं, "वेशीतल्या मारुतीचं तोंड कुणीकडं हाय?" मुलगी बघायला आले होते तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. दाखवली एक आणि उभी केली दुसरी, असं होऊ नये म्हणून ही तजवीज. मुलीनं, म्हणजे आमच्या आक्कानं, मुंडावळ्या जराशा बाजूला करून उत्तर दिलं, "आधी हार घाला, मग नेऊन दाखविते." आवाज तोच, तिखटपणा तोच. साडूंची खात्री पटली आणि लग्न लागलं.

मी त्या घरचा धाकटा जावई, आक्काच्या पाठच्या बहिणीचा नवरा. परभणीला तारखात्यात नोकरी. कुणाच्या घरी कोण गेलं, कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न मोडलं, हे सगळ्या गावाच्या आधी मला कळायचं आणि कुणालाही सांगायचं नसायचं. या नोकरीमुळे मी घुमा झालो की मुळात घुमा होतो म्हणून ही नोकरी मला मानवली, कोण जाणे. साडूंना माझा हा एकच गुण पसंत होता. ते म्हणायचे, "साडूभाऊ, तुमच्या तोंडाला झाकण हाय. बाकी समदी उघडी भांडी." मी या माणसावर आयुष्यभर हसलो, त्यांच्या माघारी त्यांच्या नकला करून सासरच्या मंडळींना हसवलं. आता ते नाहीत. तेव्हा हसण्यासारखं जे होतं ते सांगतोच, पण त्याच्या पोटात जे होतं तेही एकदा सांगून टाकावं म्हणतो.

देवगाव फाट्यापासून आत त्यांचं गाव. कापूस, ज्वारी, थोडीशी बागायत, असं बऱ्यापैकी चाललेलं. अंगानं काटक, आणि डावी भुवई कायम उजवीपेक्षा वर, जशी काही एक भुवई पहाऱ्यावर ठेवलेली. फाट्यावर उतरले की ते चहाच्या टपरीवर जाऊन आपल्याच गावाचा रस्ता विचारायचे. रस्ता माहीत नसायचा म्हणून नव्हे. लोक खरं सांगतात का ते बघायला. एकदा एका नवख्या टपरीवाल्यानं रस्ता अगदी बरोबर सांगितला आणि वर म्हणाला, "पण मालक, त्या गावात एक लय संशयी पाटील हाय म्हणं, त्याच्याकडं काम असंल तर सबूत घेऊन जावा." साडू चहा अर्धा टाकून उठले. घरी येऊन आक्काला म्हणाले, "आपल्या गावात अजून एक संशयी माणूस हाय. कोण ते काढलं पायजे."

अर्थात ती वर्षंही तशीच होती. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला, कधी मोर्चा, कधी बंद, एसटी कधी निघेल आणि कधी फाट्यावरूनच परत फिरेल याचा नेम नाही. ओळखीचा माणूससुद्धा आधी आजूबाजूला बघायचा आणि मग बोलायचा. त्या दिवसांत संशय घेण्याला कारण लागत नव्हतं. साडूंचा मोठेपणा असा की बाकीचे लोक माणसांवर संशय घेत होते, आणि हे माणसं, जनावरं, यंत्रं, हवामान, सगळ्यांना एका मापानं मोजत होते. त्यात जातपात त्यांनी कधी बघितली नाही. सगळेच सारखे लबाड, असा त्यांचा उदार दृष्टिकोन होता.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी अँबॅसडर होती. ती त्यांनी घेतली त्याचंही कारण ऐकण्यासारखं. विकणारे एक निवृत्त डॉक्टर होते. त्यांनी गाडी दाखवताना प्रामाणिकपणे सांगितलं की ही फार जुनी झालीय, घेऊ नका. साडूंनी त्याच दिवशी घेतली. "जो माणूस घेऊ नका म्हणतो, त्याला ती ठेवून घ्यायची असती. म्हणजे माल चांगला हाय," हे त्यांचं गणित. मग त्या गाडीच्या प्रत्येक भागावर त्यांनी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले, मिस्त्रीनं बदलून घेऊ नयेत म्हणून. प्लगला ठिपका, बॅटरीला ठिपका, चाकांच्या आतल्या बाजूला ठिपके. नेलपॉलिशची बाटली सेलूच्या बाजारातून आली तेव्हा आक्काला वाटलं आपल्यासाठीच. "इतक्या वर्सांत माझ्या नखाला कधी लाली लागली न्हाई," ती माझ्या बायकोला सांगायची, "पण ह्यांच्या गाडीचं आतडंसुदीक रंगवलंय." आणि गाडी कुठंही उभी केली की साडू गिअरच्या दांड्याची गोल काळी मूठ पिळून काढून खिशात टाकायचे. मूठ नसली की चोराला चोरी केल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं मत. तहसील कचेरीत, लग्नात, देवळात, सगळीकडे त्यांच्या सदऱ्याचा खिसा पेरू ठेवल्यासारखा फुगलेला. आमच्याकडे जेवायला बसले की ती मूठ ताटाशेजारी मांडायचे, आणि माझी बायको तिच्याभोवतीही रांगोळीची रेघ ओढायची.

आता त्या गाडीत कोण कुठं बसायचं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या जुन्या गाडीचा गिअर स्टेअरिंगला जोडलेला, आणि पुढची सीट म्हणजे एक सलग गादीचा बाक, तिघांना पुरेल असा. साडूंची आई होती तोवर पुढं पुरुष आणि मागं बायका, हा नियम. आक्कानं ती सगळी वर्षं मागं काढली, सासूबाईंच्या शेजारी, मांडीवर गाठोडं, पायाशी सरकीची पेंड. सासूबाई गेल्या आणि दिवस उरकल्यावर पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा साडू भर अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "म्होरं बसा! मागचं स्प्रिंग गेलंय!" आक्का पुढं बसली, तीही खिडकीशी नव्हे, मधे, त्यांना अगदी खेटून. कारण काय, तर डाव्या दाराची कडी भरवशाची नाही. नवरा-बायको खांद्याला खांदा लावून फाट्यावरून जाताना लोक वळून बघायचे, आणि साडू काच खाली करून ज्याला त्याला सांगायचे, "दार खराब हाय! दार!" ते दार मी एकदा गुपचूप उघडून, लावून, पुन्हा उघडून बघितलं होतं. बँकेच्या तिजोरीसारखं लागत होतं. मागच्या सीटचं स्प्रिंगही मी दाबून बघितलं होतं. म्हणजे संशयी काही एकटे साडूच नव्हते.

अशी सगळी व्यवस्था चालली असताना साडूंचा डावा खांदा धरला. शुगरमुळे होतं म्हणाले डॉक्टर. साडूंनी ते तीन डॉक्टरांकडून वदवून घेतलं आणि तिघंही एकच सांगतात म्हणून तिघं आतून मिळालेले आहेत असा निष्कर्ष काढला. पण हात वर जात नव्हता हे खरं. स्टेअरिंगजवळचा तो गिअर, पहिला टाकायचा तर दांडा आपल्याकडे ओढून वर ढकलावा लागतो, आणि नेमकं तेच त्यांना जमेना. ते एक दिवस आमच्या तारघरात आले, खिडकीशी उभे राहिले, आजूबाजूला बघितलं, आणि तारेचा मजकूर सांगावा तसं तुटक बोलले, "डावा हात. वर जाईना. आक्काला बोलू नका."

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डॉक्टरचं सोडा हो. कळलं की ती तिच्या भाच्याला ड्रायव्हर म्हणून आणून बशिवती. लायसन काढून तयारच हाय ते. ड्रायव्हर म्हंजी काय, साडूभाऊ? गाडी आपली, पेट्रोल आपलं, जीव आपला, आन् तोंड त्याचं तिकडं! आन् त्यो म्होरं बसला की आमी कुठं? मागं. एक ह्या खिडकीला, एक त्या खिडकीला."

त्यावर उपाय त्यांनी शोधून ठेवला होता. स्टेअरिंगचा गिअर काढून टाकायचा आणि खालून, गाडीच्या पोटातून वर येणारा फ्लोअर गिअर बसवायचा. म्हणजे हात वर न्यायचं कामच नाही. तेव्हा असे गिअर बाहेरून विकत मिळत आणि मिस्त्री बसवून देत. साडू दर मंगळवारी परभणीला यायला लागले, आणि कामावरून सुटलो की मीही त्यांच्यामागं दुकानं फिरायला लागलो.

त्यांची खरेदी बघण्यासारखी असे. जे घ्यायचं त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही हा पहिला नियम. दुकानात शिरून आधी दिव्याची काच मागायची, ती नापसंत करायची, मग हॉर्न वाजवून बघायचे, आणि निघता निघता उंबऱ्यावरून मागं वळून सहज विचारायचं, "ते फ्लोअर गिअरचं समदं खोटंच असतंय म्हणं?" दुकानदार म्हणाला, "नाही हो, चांगलं असतं," की बाहेर येऊन मला म्हणायचे, "विकायला बसलाय. चांगलंच म्हणणार." आणि एखादा म्हणाला, "हो, खोटं असतं, नका घेऊ," तर, "ह्याच्याकडला माल संपलेला दिसतोय." एका दुकानात गिअरला लावायची पारदर्शक मूठ होती, आत गुलाबाचं फूल. साडूंनी ती उजेडात धरून फिरवली. "फूल खरं हाय का?" दुकानदार म्हणाला, प्लास्टिकचं. "मग ठीक हाय. खरं असतं तर आत कसं गेलं ह्याचा तपास करावा लागला असता."

पाहण्यासारखे गिअर दोन होते. एक एसटीच्या गिअरसारखा लांब आणि सरळ, गाडी चालू झाली की थंडी भरल्यासारखा हलणारा. दुसरा हैदराबादहून आलेला, आखूड, गुबगुबीत, मांडीच्या बाजूला येणारा, मनगट हलवलं तरी पुरे. त्यांच्या खांद्याला हाच हवा होता, ते मलासुद्धा कळत होतं. साडूंनी तो हातात घेतला, मागं-पुढं केला, त्यांची वरची भुवई क्षणभर खाली आली, आणि मग त्यांनी तो फडक्यात गुंडाळून परत दिला. का, तर म्हणे रंग संशयास्पद आहे. पुढच्या मंगळवारी पुन्हा त्याच दुकानात, पुन्हा तोच आखूड गिअर हातात, पुन्हा परत. या वेळी कारण वेगळं, वास येतो म्हणे. मला हे कोडं उलगडेना. गिअरच्या निमित्तानं हे दर मंगळवारी दुसरंच काही करायला येतात की काय, असंही माझ्या मनात आलं, आणि ते दुकानातून निघाले की मी त्यांच्या मागून दोन-तीन गल्ल्या चालून बघितलं. ते फक्त एसटी स्टँडवर जाऊन चहा पीत होते. ते दिवस आठवले की मला माझीच शरम वाटते.

कोडं सुटलं ते आमच्याच घरी. एका मंगळवारी ते दुपारीच आले, माझी बायको शेजारी गेलेली बघून दार लावून घेतलं, आणि पलंगाच्या कडेवर बसून मला म्हणाले, "हिकडं बसा. मधी." मी बसलो. त्यांनी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, ते आमच्या दोघांच्या मधे उभं धरलं. "ह्यो हैदराबादचा आखूड. गुडघा कुठं जातोय तुमचा?" गुडघा लाटण्याला लागत होता. "तिकडं घ्या." तिकडं घेतला तरी मांडी लागत होती. मग लाटणं गेलं आणि माझी छत्री आली, सरळ लांब गिअर म्हणून. तीही लागत होती. साडू उठून मला समोरून न्याहाळायला लागले. "तुमी बारीक हाव," असं म्हणून त्यांनी एक उशी माझ्या कमरेला पंचानं बांधली. "आता बसा आक्कावाणी. हात मांडीवर. पदर—" आणि एवढ्यात दार ढकलून माझी बायको आत आली. मी उशी बांधून पलंगावर, साडू माझ्या दोन गुडघ्यांमधे छत्री धरून.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

मी तारखात्यातला माणूस, मी गप्प. साडू छत्री कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "छत्रीची तार वाकली म्हणत होते साडूभाऊ. बघत होतो." आणि उशी सोडायचं विसरून ते निघून गेले.

म्हणजे प्रकार असा होता. हाताला सोयीचा गिअर ते परत करत होते, कारण तो नेमका मधल्या जागेतून वर येत होता. त्यांना असा गिअर हवा होता जो त्यांच्या हातात येईल पण आक्काची जागा घेणार नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तोंडानं सांगितलं असतं तर ते साडू कसले! शेवटी त्यांनी स्टेशनकडच्या एका लेथवाल्या मिस्त्रीला गाठलं आणि दांडा वाकवून घ्यायचा बेत केला, वर येता येता पुढं झुकून समोरच्या डॅशबोर्डखाली शिरणारा. मिस्त्री पान थुंकून म्हणाला, "मालक, इतना टेढा कायको? बीच में किसको बिठाना है?"

"पोतं," साडू म्हणाले. "ज्वारीचं."

"पोते को घुटने रहते क्या, मालक?"

"आमच्या रानातल्याला असतेत," साडू म्हणाले. "तू वाकीव."

आता आक्काकडं काय झालं ते. माझ्या बायकोनं छत्रीचा उलगडा आपल्या परीनं करून, बाजारातून माहिती काढून बहिणीला कळवलं की दाजी फ्लोअर गिअर बसवायलेत. पुढच्याच आठवड्यात आक्का आमच्याकडे आली, बहिणीला भाजीला पाठवलं, आणि माझ्यासमोर खाली बसली.

"भाऊजी, खरं सांगा. त्यो खालचा गिअर कुठून वर येतो?"

"मधून," मी म्हणालो.

"आन् मधी कोण बसतं?"

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"मग सरळ सांगायचं की, मागं जा म्हणून. गिअर कशाला बदलायचा? स्टेरिंगचा काय वाईट होता? एवढी वर्सं चालला." तिनं पदरानं नाक पुसलं. "मागं बसलं की ह्यांचं बोलणं ऐकू येत न्हाई हो. नुसती मान दिसती. मी धा वर्सं मान बघितली. म्होरं आल्यावर कळलं, हा माणूस गाडी चालवताना सारखा बोलतो. ह्यो झाड बघ, त्यो बैल बघ, त्यो माणूस चोर दिसतो का बघ. कुणापाशी बोलत होता इतकी वर्सं?" मग उठता उठता म्हणाली, "मी इचारलं म्हणून सांगू नका त्यांना. शपथ हाय."

मला दोन्हीकडचं माहीत होतं. दोन वाक्यं बोललो असतो तर प्रकरण तिथं संपलं असतं. खांदा धरलाय, आणि तुझ्याच जागेसाठी दांडा वाकवायला दिलाय. एवढंच. मी बोललो नाही. शपथा पाळल्या असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं ते वेगळं आहे. त्या घरात थोरल्या जावयापुढं मला कधी कुणी विचारत नसे, आणि आता ती दोघंही आळीपाळीनं माझ्या दारात येऊन बसत होती, हळू आवाजात बोलत होती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मला ते आवडत होतं.

आक्कानं गाडीत बसणंच सोडलं. सेलूला बाजाराला जायचं तर फाट्यावर उभी राहून एसटी धरायची. पेट्रोलच्या वासानं मळमळतं, असं सांगायची. साडूंचा अंदाज झाला की तिनं हात ओळखला आणि आता ती आपल्या गाडीत बसायला भिते. ते तारघराच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. "साडूभाऊ, तुमी सांगितलं न्हाई ना?" मी मान हलवायचो. "मग ती का बसंना?" मी मान खाली घालायचो. पहिल्यांदाच असं झालं की त्यांची ती वरची भुवई उतरली आणि दोन्ही एका रेषेत आल्या, आणि त्या चेहऱ्याकडं मला बघवेना. तरी मी शिक्का मारत राहिलो.

गिअर बसला तो दिवस. आमच्याकडे बारसं होतं म्हणून आक्का आधीच परभणीला आलेली, साडू गाडी मिस्त्रीकडून घेऊन थेट आमच्या दारात आले, म्हणजे मिस्त्रीच्याच माणसानं ती आणून सोडली आणि साडू शेजारी बसून त्याच्यावर नजर ठेवत आले. आदल्या दिवशी बंद झालेला, एसट्या अजून सुटत नव्हत्या. आक्काला गाडीशिवाय इलाज नव्हता. तिनं पिशवी उचलली, गाडीजवळ गेली, आणि मागचं दार उघडून मागं बसली. मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत जाणार होतो, तो रस्त्यातच उभा.

साडू स्टेअरिंगवर बसले. समोर बघत म्हणाले, "साडूभाऊ, त्यांना म्हणावं, म्होरं जागा हाय."

मी खिडकीतून आत वाकलो, "आक्का, ते म्हणतात पुढं जागा आहे."

"भाऊजी, त्यांना म्हणावं, म्होरं दांडा हाय."

"साडूभाऊ, म्हणावं, दांडा वाकीवलाय."

"म्हणावं, वाकीवला काय आन् न्हाई काय, समजायचं ते समजलंय."

आयुष्यभर मी लोकांचे निरोप पोचवले, पण इतक्या जवळचे कधी पोचवले नव्हते. साडूंनी रागारागानं गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि पहिला टाकायला हात पुढं नेला. आणि तिथं सगळं उघडं पडलं. आक्काला ऐसपैस जागा राहावी म्हणून त्यांनी तो दांडा इतका पुढं वाकवून घेतला होता की धडधाकट माणसाला सुद्धा ताणून धरावा लागला असता. लेथवर, मिस्त्रीच्या अंगणात, पोत्याला किती जागा लागेल हे त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, पण आपला हात तिथवर पोचतो का, ते बघायचंच राहून गेलं. जगातल्या प्रत्येक वस्तूची तपासणी करणारा माणूस! त्यांनी खांदा खाली टाकला, अंग पुढं लोटलं, आणखी लोटलं, आणि त्यांचं कपाळ हॉर्नवर टेकलं. हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. शेजारपाजारची माणसं ओट्यावर आली. साडू तसेच, कपाळ हॉर्नवर, बोटं दांड्यापासून वीतभर लांब.

मागून आक्काचा आवाज आला, माझ्यामार्फत नव्हे, थेट.

"हात कवापासून जात न्हाई?"

हॉर्न थांबला. "कोणता हात?" साडू म्हणाले.

आक्का उतरली. डावीकडचं पुढचं दार उघडलं, आत शिरली, सरकत सरकत मधे आली. गुडघे कुठंच लागले नाहीत. तिनं खाली बघितलं, त्या दांड्याच्या विचित्र वळणाकडं बघितलं, आपल्या पायाशी मोकळ्या राहिलेल्या जागेकडं बघितलं. मग उजवा हात पुढं करून तिनं दांडा धरला.

"कुठं टाकायचा?"

"म्होरं," साडू म्हणाले. "पन आधी मला पाय दाबू द्या."

"मग दाबा की. वाट कुणाची बघायलाव?"

मी मागं बसलो. देवगाव फाट्यापर्यंत साडू "हं" म्हणायचे आणि आक्का गिअर टाकायची. सुरुवातीला गाडी अशी ओरडायची की रस्त्याकडेचे बैल उधळायचे. सेलू यायच्या आत ओरडणं थांबलं. मला दोघांच्या माना दिसत होत्या, आणि मागं बसलेल्याला पुढचं बोलणं खरोखरच नीट ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

फाट्यावर साडू चहा सांगायला गेले तेव्हा आक्का वळून म्हणाली, "भाऊजी, हाताचं तुमाला ठाऊक होतं?"

"हो."

"आन् जागेचं?"

"तेही."

"तुमची तार लय उशिरा पोचती हो," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. तेवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. साडूंचं उलटंच. ते चहाचा कप मला देताना खांद्यावर थोपटून म्हणाले, "समद्या जिल्ह्यात एक भरवशाचा माणूस हाय. सांगितलं ते पोटात ठिवलं." त्या माणसानं आयुष्यात कुणाला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. ते मला मिळालं, आणि कशाबद्दल मिळालं हे फक्त मला माहीत होतं. चहा गोड होता. मी तो संपवला.

त्यानंतर बरीच वर्षं ती गाडी दोघांनी मिळून चालवली. एकाचे पाय, एकीचा हात. भाच्याचं लायसन पेटीत पडून राहिलं. गिअरची मूठ आता आक्काच्या पिशवीत राहायची. पुढं पुढं तर साडूंचं "हं" यायच्या आत आक्का गिअर टाकायची, आणि साडूंना त्याचाही संशय यायचा. "मी म्हणायच्या आत तुमाला कसं कळलं?" ते विचारायचे. आक्का म्हणायची, "तुमच्या गाडीचा गळा बदलतो." पालमला एका लग्नात मी त्यांना मांडवाशी येताना बघितलं. गाडी चिंचोळ्या वाटेनं मागं घ्यायची होती, मंडळी बाजूला सरून बघत होती. साडू मान वळवून मागं बघत होते, आक्का समोर बघत होती, आणि तिचा हात बरोबर मागचा गिअर शोधत होता. लोक हसत होते. मीही हसलो असणार.

साडू गेले त्याला आता दोन पावसाळे होतील. गाडी भाच्याकडे गेली. त्यानं तो वाकडा दांडा काढून सरळ बसवून घेतला आहे, आणि त्याचंही बरोबरच आहे.

परवा आक्काला परभणीला डोळे दाखवायला आणायचं होतं. आम्ही फाट्यावरून एसटीत बसलो, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. दिवस कापणीचे, बस गच्च भरलेली, बोलायला सवड नव्हती, आणि तसंही आमच्यात बोलणं थोडंच असतं. ओढ्यावरच्या पुलाचा चढ सरला. इंजिन ओरडायला लागलं, ड्रायव्हर कुणाशी तरी बोलत होता, गिअर बदलायला त्याला उशीर होत होता. तेव्हा मी बघितलं, आक्काचा मांडीवरचा उजवा हात मिटला आणि जरासा पुढं सरकला. मग ड्रायव्हरनं गिअर बदलला. आक्काच्या लक्षात आलं की मी बघतोय. तिनं हातावर पदर ओढून घेतला.

"काय बघायलाव, भाऊजी?"

काही नाही, असं म्हणायची माझी सवय आहे. तोंडाशी आलंही होतं.

"आक्का," मी म्हणालो, "दुसरा टाकलात का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. काढायला आलेल्या ज्वारीची रानं मागं जात होती.

"तिसरा," ती म्हणाली. "दुसरा कवाच टाकला."